दोन नॉटची कमाई

(हदगाव. विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेले मामा आणि नांदेडला पॉलिटेक्निकला असलेली भाची.)

भाची : मामा, कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांवरून आमच्या वर्गात वाद झाला. पोरं म्हणायलीत, छोटं विमान जोरात न्यायचं तर सरळ मोठं इंजिन टाकायचं.

मामा : त्या पोरांना गणित घालायला लाव. वेग वाढला की हवेचा ड्रॅग, म्हणजे विरोध, वाढतो वर्गाने आणि त्याला लागणारी ताकद घनाने. १६० अश्वशक्तीच्या जागी ३२० टाकली तरी वेग वाढणार जेमतेम २६ टक्के. वरून इंजिनाचं वजन आणि इंधनाचा खर्च. त्यापेक्षा आधी ड्रॅग कापावा.

भाची : कुठून कापायचा?

मामा : बाहेर जे जे लोंबतंय तिथून. सेसना १७२ घे. पहिल्यांदा उडालं १९५५ साली, पायलट घडवणाऱ्या शाळांचं लाडकं विमान. त्याची चाकं पोटात जात नाहीत. त्यांच्यावर थेंबाच्या आकाराची आवरणं बसवली की किती फायदा? कंपनीच्याच पुस्तकात आहे, साधारण दोन नॉट. म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर.

भाची : एवढंच? त्यात तर माझी सायकलही पुढं जाईल!

मामा : हसू नको. इंजिनाला हात न लावता मिळालेत ते. आकाराची करामत बघ : गोल तार आणि तिच्या दसपट जाड, पण थेंबासारखा निमुळता दांडा, दोघांचा ड्रॅग जवळपास सारखाच. मात्र हीच आवरणं घेऊन पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात उतरलीस, तर मोटारसायकलच्या मडगार्डात चिखल बसतो तशी माती आत ठासून चाकच जाम. कच्च्या धावपट्टीवरचे लोक आवरणं काढून ठेवतात ते यासाठी.

भाची : मग त्यांनी काय सुधारायचं?

मामा : त्यांना वेग नको, हळू उडता आलं पाहिजे. खरी गंमत इथेच आहे. पंखाच्या पृष्ठभागाला घासून जाणारी हवा मंदावते. विमानाचं नाक वर करत गेलं की ही थकलेली हवा पंखाच्या वळणाबरोबर जाऊ शकत नाही, सुटते. झाला स्टॉल. आता पंखाच्या वर, पुढच्या कडेजवळ, बोटाच्या पेराएवढ्या पत्र्याच्या पट्ट्या तिरक्या उभ्या करायच्या. त्यांना व्होर्टेक्स जनरेटर म्हणतात. प्रत्येक पट्टीमागे छोटा भोवरा उठतो. तो वरची ताजी, वेगवान हवा खाली ओढून पंखाला चिकटवतो.

भाची : आणि स्टॉल लांबतो!

मामा : बरोबर. टेकण्याचा वेग १० टक्क्यांनी उतरला तर ब्रेकांनी जिरवायची ऊर्जा १९ टक्क्यांनी कमी होते. छोट्या धावपट्टीवर जीव वाचवणारा हिशेब आहे हा. बदल्यात वरचा वेग थोडा जातो, जाऊ द्यावा.

भाची : आणि पंखाच्या टोकाला वळवलेले ते विंगलेट?

मामा : विमानं रचणाऱ्या बर्ट रुटानच्या १९७५ च्या व्हेरीइझी विमानाला होते. चढताना आणि सावकाश उडताना उपयोगी. जुन्या विमानाला नुसते शोभेपुरते लावणारेही भेटतात, सोड. त्यापेक्षा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, आणि पंख यांच्यातल्या फटीकडे बघ. खालची दाबाची हवा तिच्यातून वर निसटते. फट बंद केली की फायदा दिसतो.

भाची : मग टेप मारली की काम झालं!

मामा : टेप सुटून एलेरॉनमध्ये अडकली तर? अगं, एलेरॉनला रंगाचा जाड थर दिला तरी त्याचा तोल बिघडू शकतो, वेगात तो फडफडून तुटतो. रंगकामानंतर तोल तपासायला आम्ही उगाच बसायचो का? म्हणून मंजूर आराखड्याशिवाय आणि नोंदीशिवाय पत्र्याला एक भोकसुद्धा पाडायचं नाही. यादवांचंच बघ : त्यांचं विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. पण विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये.

भाची : मला खरं विमान कोण हात लावू देणार? प्रोजेक्टला काय करू?

मामा : थर्माकोलचा हातभर पंख कापून घासून घे. वर लोकरीचे बोटभर धागे ओळीने चिकटव, एक टोक मोकळं ठेव. पुढे टेबल फॅन. फॅनची हवा गरगरते, म्हणून मधे स्ट्रॉची जुडी हवेच्या दिशेने बांध. पंख हळूहळू तिरका कर. जिथला धागा थरथरत उलटा वळेल, तिथे हवा सुटली. मग त्याच्या थोडं पुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्या लाव आणि कोनमापकाने पुन्हा मोज. दोन्ही कोन वहीत लिही, आणि मगच वर्गातल्या पोरांशी वाद घालायला जा.