टेबल टेनिसच्या टेबलावर असईची लढाई

शीर्षक वाचून हा इतिहासाचा लेख आहे असं समजून पान उलटू नका. यात इतिहास आहे, पण स्केल, प्रोबॅबिलिटी आणि थोडी रंगपंचमीही आहे. शिवाय एक कबुली आहे, ती शेवटी.

हॉस्टेलच्या कॉमन रूममधलं टेबल टेनिसचं टेबल सगळ्यांना माहीत आहे. नेट फाटलेलं, एक पाय विटेवर. त्या टेबलावर आम्ही चौघांनी एक अख्खी लढाई उभी केली. हिला टेबलटॉप वॉरगेमिंग म्हणतात. रंगवलेले छोटे शिपाई, मोजपट्टी, फासे आणि नियमांची वही, एवढंच साहित्य. हा पोरखेळ वाटेल, पण याचा उगम सैन्यातला आहे. प्रशियाच्या तोफखान्यातल्या फॉन राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच वापरून अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी असा खेळ छापून काढला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकाने खेळण्यातले शिपाई घेऊन घरी खेळायच्या नियमांचं पुस्तक लिहिलं आणि हा छंद सामान्य माणसापर्यंत आला.

लढाई कोणती?

आम्ही निवडली असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. असई हे जालना जिल्ह्यातलं गाव. माझं गाव त्याच भागातलं, म्हणून हट्ट माझाच होता. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

आकडे बघा. वेलस्लीकडे कवायती सैन्य साडेचार हजारांच्या आसपास. शिंद्यांकडे युरोपियन पद्धतीने शिकवलेलं पायदळच सुमारे १०,८००, शंभराच्या आसपास तोफा आणि वर हजारो घोडेस्वार. तरीही संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हातात पडल्या. का? शाळेत आपल्याला "फितुरी आणि दुही" असं दोन मार्कांचं उत्तर पाठ करायला लावतात. आम्हाला ते उत्तर तपासून बघायचं होतं.

स्केलचा हिशोब

एक शिपाई म्हणजे शंभर माणसं, असं प्रमाण धरलं. म्हणजे इंग्रजांचे ४५ आणि शिंद्यांच्या कंपूचे १०८ शिपाई. दहा तोफांची एक तोफ केली. टेबल नऊ फूट बाय पाच फूट. १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर धरले की साधारण साडेपाच किलोमीटर बाय तीन किलोमीटरचा मुलूख मावतो.

इथे सिव्हिलवाल्यांनी लगेच हरकत घेतली. शिपाई १५ मिलिमीटर उंच, म्हणजे माणसाच्या मानाने १:११०. जमीन मात्र १:२०००. या हिशोबाने आमचा शिपाई ३० मीटर उंच होतो, दहा मजली इमारतीएवढा! पण हायड्रॉलिक्समध्ये नदीच्या मॉडेलला उभं आणि आडवं प्रमाण वेगळं ठेवतोच की आपण. महत्त्वाची असते ती पलटणीची रुंदी. ५०० माणसं दोन रांगांत उभी केली की एका रांगेत २५०, आणि माणशी साधारण ५५ सेंटिमीटर धरले तर सुमारे १४० मीटर, म्हणजे टेबलावर ७ सेंटिमीटर. पाच शिपाई शेजारी शेजारी चिकटवले की बरोबर ७ सेंटिमीटर भरतात. हरकत नामंजूर.

रंगवण्याची कृती

पायदळ वर्गणी काढून मागवलं, तोफा घरी केल्या. संपलेल्या रिफिलचा तुकडा म्हणजे नळी आणि शर्टाची बटणं म्हणजे चाकं. (कुणाच्या शर्टाची ते विचारू नका.) रंगवताना आम्ही चुकत चुकत जे शिकलो ते असं:

१. शिपाई आधी साबणाच्या पाण्याने धुवा. धातूवर तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

२. वर्कशॉपमधल्या एखाद्या बोल्टच्या डोक्यावर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने शिपाई बसवा. बोल्ट हातात धरायचा, शिपायाला बोट लावायचं नाही.

३. आधी अस्तराचा एक हात द्या. तो पूर्ण वाळू द्या. सबमिशनची घाई इथे चालत नाही.

४. ॲक्रिलिक रंग दुधाएवढा पातळ करा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. जाड रंगात चेहऱ्याचं नाक-डोळे बुजून जातात.

५. लहान वस्तू लांबून काळपट दिसते. म्हणून लाल कोट खऱ्यापेक्षा एक छटा उजळ घ्या. गोरे आणि मद्रासचे देशी शिपाई, दोघांनाही लाल कोट आहेत. ७८ व्या हायलँडर पलटणीला घागऱ्यासारखा किल्ट आहे, त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारताना आमच्यातल्या एकाने ड्रॉइंगच्या मास्तरांची मनोमन माफी मागितली.

६. मग तपकिरी-काळ्या रंगाचं पाणी अंगावर सोडा. ते चुण्यांत उतरतं आणि सावल्या आपोआप पडतात.

७. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा पुसून फिकट रंगाने वरवर फिरवा. उंचवटे उजळतात आणि शिपाई जिवंत होतो.

एका शिपायाला अर्धा तास धरला तरी १५३ शिपायांचे ७६ तास होतात. सगळं सेमिस्टर त्यात गेलं.

नियम

एक डाव म्हणजे पंधरा मिनिटं. प्रत्यक्ष लढाई साधारण तीन तास चालली, म्हणून बारा डाव. एका डावात पायदळ २० सेंटिमीटर, घोडदळ ४०, तोफा १०. तोफेला ५० सेंटिमीटरपर्यंत मारा करता येतो, आणि फाशावर ६ पडले तर एक शिपाई पडतो. १५ सेंटिमीटरच्या आत ५ किंवा ६ चालतात, कारण जवळून छर्रे झाडता येतात. बंदूक ५ सेंटिमीटरच्या आत, ६ पडले तरच. पलटण निम्मी झाली की दोन फासे टाकायचे, बेरीज ७ किंवा जास्त आली तर ती टिकते, नाहीतर पळते. ३६ पैकी २१ वेळा टिकणार, म्हणजे ५८ टक्के.

शेवटचा नियम हुकमाचा. दर डावाला फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढ्याच तुकड्यांना नवा हुकूम देता येतो. वेलस्लीच्या फाशाला वर दोन जादा. याला आधार होता. शिंदे आणि भोसले यांनी रणांगण पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्यावर सोपवलं होतं, आणि कंपूतले बरेच ब्रिटिश अधिकारी युद्ध सुरू होताच कंपनीने दिलेल्या आमिषामुळे नोकरी सोडून गेले होते.

आणि माझी कबुली

मी शिंद्यांकडून खेळत होतो. पहिले चार खेळ हरलो. चौथ्या रात्री मी नियमांची वही घेऊन बसलो आणि "५ किंवा ६" च्या जागी शिंद्यांच्या तोफांना "४, ५ किंवा ६" केलं. हुकमाचा नियम खोडून टाकला. पाचवा खेळ मी सातव्या डावातच जिंकलो आणि आनंदाने ओरडलो.

समोर खेळणारा माझा रूमपार्टनर वही उलटसुलट बघत म्हणाला, "अरे, हे रीडिंग कुठून आणलंस?"

प्रॅक्टिकलला आपण सगळेच हे करतो. उत्तर माहीत असतं, मग मागून गणित करून रीडिंग लिहितो. जर्नलवर सही मिळते, पण यंत्राबद्दल काहीच कळत नाही. मी तेच केलं होतं, फक्त माझ्या गावच्या मातीसाठी.

पण मीही गप्प बसलो नाही. म्हटलं, "वेलस्लीला दोन जादा दिलेस, तेही निकाल माहीत होता म्हणूनच ना?" तो विचारात पडला. खरंच होतं. आपण मॉडेलमध्ये जे घातलं तेच बाहेर आलं, तर तो शोध नव्हे. मग ठरलं की तोफांचा नियम पूर्ववत करायचा, हुकूम दोघांना सारखा द्यायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सारख्या हुकमावर सहा खेळ झाले. तीन त्याने जिंकले, तीन मी. मग बदलला फक्त नदीचा उतार.

त्याची गोष्ट अशी. वेलस्लीला खेळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने पाहिलं की दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. त्याने ताडलं की लोक येत-जात असणार, म्हणजे उतार असलाच पाहिजे. माणूस पाठवला, उतार सापडला. तिथे शिंद्यांच्या तोफांचे गोळे आले, पण उतार अडवायला पलटण नव्हती. पलीकडे खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात तो शिरला. पोलमननेही कमाल केली. नदीकडे तोंड असलेली सगळी फळी त्याने काटकोनात वळवून पूर्वेकडे केली, डावी बाजू असई गावाला टेकवून. हे वेलस्लीला अपेक्षित नव्हतं. पण तोवर शत्रू अलीकडे आला होता.

आम्ही उतारावर तीन पलटणी आणि दोन तोफा ठेवून सहा खेळ खेळलो. इंग्रजांना एकदाच पार होता आलं. सहा खेळांवरून सिद्धान्त मांडू नये हे मलाही कळतं. पण दोन मार्कांच्या उत्तरापेक्षा हे उत्तर मला जास्त प्रामाणिक वाटतं. कमी पडलं ते शौर्य नव्हे. शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळ मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून पाठीत मारा केला. अशा माणसांना भित्रं कोण म्हणेल?

शेवटचा खेळ आम्ही इतिहासाबरहुकूम खेळलो. ७४ वी पलटण वाट चुकून असई गावासमोरच्या तोफांच्या तोंडी गेली. खऱ्या लढाईत तिच्या सुमारे ५०० पैकी ४०० च्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. आमच्या टेबलावर म्हणजे पाचातले चार शिपाई. ते शत्रूचे होते आणि ते मीच रंगवले होते, प्रत्येकी अर्धा तास. उचलताना हात जरा थांबला. मग माझे गोलंदाज उचलायची पाळी आली, तेव्हा रूमपार्टनर काही बोलला नाही. त्याने स्वतः ते एकेक करून डब्यात ठेवले.

डबा आता माझ्या कपाटात आहे. वहीत खोडलेला नियम तसाच ठेवलाय, दिसावा म्हणून. दर रविवारी मेसच्या फीस्टनंतर कॉमन रूममध्ये टेबल मांडतो. कुणालाही या. फासे आमचे, पण येताना एखादं जुनं बटण घेऊन या. इंग्रजांच्या तोफांना अजून चाकं कमी आहेत.