चट्टा पुन्हा लाल झाला म्हणजे कुष्ठरोग उलटला का?

आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी बारा महिने एमडीटीच्या गोळ्या एकही पाकीट न चुकवता घेतल्या. त्यानंतर आठ महिन्यांनी जुना चट्टा लाल होऊन सुजला, कोपरातून कळा येऊ लागल्या. शेजारणी म्हणाल्या, रोग उलटला. मावशींनी हात पदराआड लपवला. मला कळलं तेव्हा करंगळी वाकायला लागली होती.

रोग उलटला नव्हता. औषधाने जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचे अंश कातडीत आणि नसांत बरेच दिवस राहतात. शरीराची प्रतिकारशक्ती अचानक जागी होऊन त्यांच्यावर तुटून पडते. त्या झटापटीत नस सुजते आणि दबते. याला रिॲक्शन म्हणतात. ती बहुधा उपचार चालू असताना किंवा नंतरच्या दोन-तीन वर्षांत, काही दिवसांतच उसळते. कुणाला ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, डोळा लाल होतो.

रोग खरोखर उलटतो तो थोड्याच जणांत, बहुतेक वेळा काही वर्षांनी आणि गुपचूप. नवे चट्टे येतात, पण दुखत नाहीत. ज्यांच्या अंगात जंतू फार होते त्यांना हा धोका जास्त. त्यांची प्रतिकारशक्ती इतर आजारांशी नीट लढते, फक्त या जंतूला शत्रू म्हणून ओळखत नाही. गोळ्या जंतू मारतात, ही ओळख परत देत नाहीत. एखादा निपचित जंतू उरला तर तो पुन्हा वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, म्हणून वर्षं जातात. तेव्हा पुन्हा एमडीटी द्यावी लागते आणि ती बहुधा लागू पडते.

रिॲक्शनला मात्र प्रेडनिसोलोन लागतं. नस बिघडून सहा महिने व्हायच्या आत सुरू केलं तर ताकद परत येण्याची आशा चांगली असते. मेडिकलमधून स्वतःच आणू नका, मध्येच बंदही करू नका. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. साखर किंवा टीबी असेल तर आधी सांगा.

मावशींच्या कळा थांबल्या, बोट थोडं वाकडंच राहिलं. आता त्या चपात्या लाटतात, पण तवा फडक्यानेच धरतात, कारण करंगळीला चटका कळत नाही.

तुमच्या घरी कुणाची चप्पल नकळत पायातून सुटत असेल, बोटांत धरलेला कागद सहज निसटत असेल, तर आशाताईंना घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. उपचाराचं जुनं कार्ड सोबत ठेवा.