ठरायच्या आधी जाऊन बसायचं

अगं, कौन्सिलचं पत्र आलं की आधी शेवटचा परिच्छेद वाचायचा. वर ‘तुमचं मत मोलाचं आहे’ वगैरे गोडगोड असतं. काय ठरून गेलंय आणि काय ठरायचंय, ते खाली सापडतं. ठरल्यावर मत विचारणं म्हणजे अक्षता पडल्यावर मुलगा पसंत आहे का विचारणं.

इथे इंग्लंडात सिक्युअर भाडेकरूंसाठी १९८५च्या हाउसिंग ॲक्टचं कलम १०५ आहे. व्यवस्थापनातला बदल किंवा मोठी दुरुस्ती भाडेकरूंना चांगलीच जाणवणारी असेल, तर निर्णयाआधी कळवायचं, बोलायला वेळ द्यायचा आणि म्हणणं विचारात घ्यायचं, हे कौन्सिलवर बंधन आहे. विचारात घ्यायचं हं, मान्य करायचं नव्हे. आणि भाडं नि सर्व्हिस चार्ज त्यात येतच नाहीत. तरी आपली मंडळी अर्धी मीटिंग भाडेवाढीवर घालवतात नि ऑफिसर निवांत मान डोलावत बसतो. तू लिफ्टचं बोल. कुठल्या तारखेला बंद पडली, कधी सुरू झाली, वाचून दाखव.

शेजाऱ्यांनी फ्लॅट विकत घेतलेला असेल, तर त्यांच्याशी गोडीत राहा. ते लीजहोल्डर. मोठ्या कामात त्यांच्या वाट्याला २५० पौंडांहून जास्त येणार असतील, तर त्यांना लीजहोल्डरांच्या वेगळ्या कायद्यातल्या कलम २०ची नोटीस येते, पुढे कंत्राटदारांचे अंदाजही कळतात. तुझ्या पत्रात ते आकडे नसतात. मागून घे, वाच.

नळ गळतो म्हणून फोन केलास, तर ती नुसती दुरुस्तीची मागणी. सांगूनही झालं नाही, मी नाराज आहे, असं लिहिलंस की ती तक्रार. पाच कामाच्या दिवसांत पोच, त्यानंतर कामाच्या दहा दिवसांत उत्तर यायला हवं. पटलं नाही तर दुसरा टप्पा, तिथे कामाचे वीस दिवस. मग हाउसिंग ओम्बड्समन, फुकट. फोन केलास तरी मागोमाग ईमेल टाकायचीच.

आता घरं सांभाळणाऱ्या संस्थेच्या बोर्डाचं. कोणी ‘भाडेकरू प्रतिनिधी म्हणून या’ म्हटलं की हुरळून जाऊ नकोस. ग्रेनफेल टॉवर सांभाळणाऱ्या संस्थेच्या नावातच ‘टेनंट मॅनेजमेंट’ होतं, बोर्डावर रहिवासीही होते. रहिवासी आगीचा धोका ओरडून सांगत होते, आणि १४ जून २०१७ला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. रॉचडेलमध्ये घरातल्या बुरशीने अवाब इशाक हे दोन वर्षांचं पोर डिसेंबर २०२०मध्ये गेलं. ती घरमालक संस्थाही भाडेकरू नि कर्मचाऱ्यांच्या सहमालकीची म्हणवत होती. म्हणून आधी विचारायचं: मला मत कशावर देता येईल? पैशांचा कागद दिसेल का? बोर्डावर बसलेल्याला संस्थेचं हित बघावं लागतं, त्यामुळे रहिवाशांची असोसिएशन वेगळीच ठेवायची. तिच्यात वरच्या मजल्यावरची सोमाली बाई, खालचे आजोबा, सगळे हवेत. नुसती आपली माणसं जमवलीस तर ऑफिसर तुम्हाला ‘एक कम्युनिटी’ म्हणून बाजूला काढतो.

अध्यक्ष व्हायला चार जण पुढे येतात, मिनिट्स लिहायला कोणी नाही. ते काम तू माग. कोणी काय कबूल केलं, कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच लिहायचं. त्याच रात्री ऑफिसरला पाठवायचं आणि खाली एक ओळ टाकायची: काही चुकलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.