पोस्टडॉकसाठी अर्ज करण्याआधी

पुणे

चि. मनू,

पीएचडीचा व्हायवा उत्तम झाला हे कळलं, फार आनंद वाटला. पोस्टडॉक युरोपात करू की अमेरिकेत, असं तू विचारलंस. मनू, देश सगळ्यांत शेवटी ठरव. आपल्याला अजून काय येत नाही, ते आधी ठरव.

तुझं संख्याशास्त्र पक्कं आहे, कोडही स्वच्छ असतो. पण ज्या पेशींचा डेटा तू वापरतेस, तो तयार होताना तू कधी पाहिलेला नाहीस. रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि निरोगी लोकांचे दुसऱ्या दिवशी तपासले, तर जनुकांच्या आकड्यांत फरक पडतो आणि संगणक त्यालाच आजाराची खूण समजतो. हे ओळखायला प्रयोग करणाऱ्यांच्या शेजारी बसावं लागतं. म्हणून प्रयोग आणि गणन दोन्ही एकाच छताखाली चालतात अशी लॅब शोध. नुसतं मॉडेल बनवणारे आता पुष्कळ आहेत. अल्फाफोल्ड या एआय मॉडेलने २०२२ मध्येच वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज सर्वांना खुले करून दिले. आता किंमत आहे ती चांगल्या प्रश्नाला.

वेंकी रामकृष्णन यांचंच बघ. त्यांनी १९७६ साली भौतिकशास्त्रात पीएचडी घेतली आणि जीवशास्त्र शिकण्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी झाले. येलमध्ये पोस्टडॉक करताना रायबोसोमचा प्रश्न त्यांच्या हाती आला. पुढे पन्नासेक ठिकाणी अर्ज करूनही प्राध्यापकी मिळाली नाही, तरी त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. २००९ चं नोबेल त्याच कामाला मिळालं.

आता पैशांचं. गाइडच्या अनुदानावर गेलीस, तर त्या अनुदानात लिहिलेलंच काम करावं लागतं. स्वतःची फेलोशिप असली की आपला प्रश्न मांडायला जागा मिळते. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची तीन वर्षांची एक फेलोशिप तर तुझ्यासारख्या, जीवशास्त्राबाहेरून येणाऱ्यांसाठीच आहे. युरोपात काम करण्यासाठीच्या मेरी क्युरी फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही. मात्र ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. पीएचडीनंतर किती काळ लोटला, हेही बहुतेक ठिकाणी पाहतात, तेव्हा अर्ज लांबणीवर टाकू नकोस. भारतातच राहायचं असेल तर इंडिया अलायन्सची फेलोशिप आहे. आयसर, टीआयएफआर, एनसीबीएस इथल्या लॅबही कमी नाहीत.

होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी कर. त्या लॅबमधून बाहेर पडलेल्यांशी फोनवर बोल. लिहून कळवणार नाहीत ते बोलताना सांगतील. आणि गाइडला स्पष्ट विचार, ‘इथून जाताना कोणतं काम मला सोबत नेता येईल?’ ज्यांना याचं उत्तर देता येत नाही, त्यांच्याकडे नाव कितीही मोठं असलं तरी जाऊ नकोस. पुढे स्वतःची लॅब उभारशील ती याच कामावर.

पुढच्या पत्रासोबत तुझा प्रश्न एका पानात लिहून पाठव. मी बारकाईने वाचीन आणि जिथे पटणार नाही तिथे खुणा करीन.

तुझी,
मावशी