वेधशाळेची वही : प्रयोगातील नोंदी कशा जपाव्यात, कशा वाटाव्यात

शाळेच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग आपण सर्वांनीच केलेला असतो. दोऱ्याला धातूचा गोळा टांगावयाचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजावयाचा आणि सूत्रात आकडे घालून गुरुत्वत्वरणाचे मूल्य काढावयाचे. पुस्तकात ते ९.८ असे दिलेले असते. आपले उत्तर मात्र ९.२ येते. तास संपत आलेला असतो, शेजारच्या मित्राचे उत्तर बरोबर आलेले असते आणि मग वहीतील एखादा आकडा हळूच खोडून दुसरा लिहिला जातो. अनेक माजी विद्यार्थ्यांना हे वाचून आपले दिवस आठवतील.

खोडलेल्या त्या आकड्याने कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रयोगात मिळालेल्या आकड्यांना, म्हणजे ज्याला आज आपण डेटा किंवा विदा म्हणतो त्याला, विज्ञानात एवढे जपावे का लागते, आणि जपलेले आकडे इतरांच्या हाती का द्यावे लागतात, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मुंबईचा कुलाबा, समुद्रापलीकडचे अलिबाग आणि जुन्नर तालुक्यातील खोडद ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

कुलाब्याचे वाचन

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा उभारली. जहाजांना अचूक वेळ कळावी आणि ताऱ्यांचे वेध घ्यावेत हा तिचा आरंभीचा उद्देश होता. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेणे सुरू झाले. महाराष्ट्रातील आद्य विज्ञानाभ्यासकांपैकी केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केले होते.

त्या काळी कुलाब्यास आपोआप नोंद करणारी यंत्रे नव्हती. टांगलेल्या चुंबकाची अगदी सूक्ष्म हालचाल दुर्बिणीतून मोजपट्टीवर पाहावयाची आणि दिसलेला आकडा वहीत लिहावयाचा, असे ते काम होते. साधारणपणे दर तासाला वाचन घेतले जाई. चुंबक ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक हलू लागला तर पंधरा किंवा पाच मिनिटांच्या अंतराने वाचन घ्यावे, असा नियम होता. काम कंटाळवाणे होते. बहुतेक दिवशी आकडे जवळपास तेच असत.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरील डागांजवळ एकाएकी झालेला पांढरा लखलखाट पाहिला. त्यानंतर अठरा तासांच्या आतच पृथ्वीवर भूचुंबकीय वादळ आदळले. एरवी ध्रुवप्रदेशांकडे दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही दिसला. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या चुंबकाचे वाचन झपाट्याने खाली घसरले. आजच्या परिमाणात ही घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरते. मुंबईच्या एकूण क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्राच्या ती जवळजवळ चार टक्के होती.

दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या सहायकाला या घसरणीचे कारण ठाऊक असणे शक्यच नव्हते. सूर्याकडून विद्युत्भारित कणांचे लोट येतात ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. उपकरण बिघडले असावे असे म्हणून ते आकडे गाळणे, किंवा आदल्या दिवसाच्या आकड्यांशी जुळवून घेणे, त्याला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. नियमाप्रमाणे वाचनांतील अंतर कमी करून, दिसले ते लिहिले. पुढे ते आकडे वेधशाळेच्या अहवालग्रंथांत छापले गेले.

एकशे चव्वेचाळीस वर्षांनी

ते आकडे फार काळ कोणी विशेष तपासले नाहीत. २००३ साली अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व एस. अॅलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींचा आधार घेऊन १८५९ च्या वादळाची तीव्रता काढली. ज्ञात इतिहासातील सर्वांत तीव्र वादळांपैकी ते एक होते, असे त्यांनी दाखविले.

याला केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असे नाही. १३ मार्च १९८९ रोजी झालेल्या, त्याहून पुष्कळ सौम्य अशा वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजपुरवठा कोलमडला आणि सुमारे साठ लाख लोक जवळपास नऊ तास अंधारात राहिले. उपग्रह, दूरसंचार आणि वीजवाहिन्या यांवर उभ्या असलेल्या आजच्या जगाला किती मोठ्या धक्क्याची तयारी ठेवावी लागेल, याचा अंदाज बांधताना कुलाब्याचे ते आकडे विचारात घ्यावे लागतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. २००३ चा निष्कर्ष सर्वांनी जसाच्या तसा मान्य केला नाही. तासाभराच्या सरासरीने पाहिल्यास वादळाची तीव्रता बरीच कमी भरते, आणि ती एकाएकी आलेली घसरण अंशतः निराळ्या विद्युत्प्रवाहांमुळे झाली असावी, असे इतर अभ्यासकांनी मांडले. हा वाद कशामुळे शक्य झाला? दोन्ही बाजूंना मूळ आकडे पाहता आले म्हणून. वहीत केवळ ‘आज मोठे चुंबकीय वादळ झाले’ एवढेच लिहिले असते, तर एका पक्षाला सिद्ध करण्यासारखे आणि दुसऱ्या पक्षाला तपासण्यासारखे काहीच उरले नसते. निष्कर्ष काळाबरोबर बदलू शकतात, म्हणूनच ते ज्यावरून काढले ते मूळ वाचन शाबूत ठेवावे लागते.

ट्रामगाडी आणि अलिबाग

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विद्युत्प्रवाहामुळे कुलाब्याचे संवेदनशील चुंबक विचलित होणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविण्याचा निर्णय झाला. तेथील इमारतींच्या बांधकामात लोखंडासारखी चुंबकीय सामग्री कटाक्षाने टाळली गेली. १९०४ साली अलिबागचे काम सुरू झाले.

एक दुकान बंद करून दुसरे उघडावे तसे मात्र हे स्थलांतर झाले नाही. सुमारे दोन वर्षे, १९०४ ते १९०६, कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचन घेतले गेले. जागा बदलली की चुंबकीय क्षेत्राचे मूल्य थोडे बदलते. तो फरक नेमका किती हे ठाऊक नसेल, तर जुने साठ वर्षांचे आकडे आणि नवे आकडे यांची सांगड घालता येणार नाही आणि मालिका तुटेल. दोन वर्षांचा दुहेरी खर्च आणि दुहेरी श्रम सोसून ही मालिका अखंड राखली गेली. मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती १९०७ च्या मे महिन्यात. तोवर हे काम पुरे झाले होते.

मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांची चर्चा १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. म्हणजे जपणे आणि वाटणे ही दोन्ही कामे त्यांनी केली. पुढे १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात जगभरातील अशा नोंदी एकत्र ठेवण्यासाठी जागतिक विदा केंद्रांची योजना आखली गेली. नवी पनवेल येथे मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज अलिबागची वेधशाळा चालविते आणि भूचुंबकत्वाचे असे एक केंद्रही सांभाळते.

खोडदची दुर्बीण

आता आजच्या काळाकडे वळू. नारायणगावजवळच्या खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. जगातील कोणत्याही देशाचा संशोधक तेथे निरीक्षणासाठी अर्ज करू शकतो. अर्जांची छाननी होऊन दुर्बिणीचा वेळ वाटून दिला जातो.

ज्याने कल्पना मांडली आणि श्रम केले त्याला आपला अभ्यास पूर्ण करण्यास अवधी मिळावा, म्हणून त्याने घेतलेली विदा अठरा महिने त्याच्यासाठी राखीव असते. ती मुदत संपली की तीच विदा संग्रहातून इतरांना मागता येते. श्रम करणाऱ्याचा मान आणि समाजाचा हक्क या दोहोंचा मेळ या साध्या नियमात घातला आहे.

त्याचे फळ कसे मिळते याचे एक उदाहरण आहे. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर आकाशाच्या फार मोठ्या भागाचे सर्वेक्षण केले. मूळ गटाने त्यातील काही भाग प्रसिद्ध केला होता. पुढे हुइब इंटेमा या डच संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संग्रहातील ती संपूर्ण विदा घेतली आणि वातावरणाच्या वरच्या थरांमुळे प्रतिमांत येणारा दोष दूर करणारी आपली पद्धत तिला लावली. २०१७ साली आकाशाच्या नव्वद टक्के भागाच्या प्रतिमा आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची सूची त्यांनी सर्वांसाठी खुली केली. यासाठी खोडदच्या तबकड्या पुन्हा एकदाही फिरवाव्या लागल्या नाहीत.

या खुल्या प्रतिमांचा लाभ केवळ मोठ्या विद्यापीठांना झाला असे नाही. २०१३ मध्ये भारतात सुरू झालेल्या ‘रॅड ॲट होम’ या नागरिक-विज्ञान उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी व इतर जिज्ञासू अशा प्रतिमा कशा वाचाव्यात हे शिकतात आणि त्यांत वेगळ्या आकाराच्या दीर्घिका शोधतात. ज्याच्या घरी दुर्बीण नाही, ज्याच्या महाविद्यालयात संशोधनाची प्रयोगशाळा नाही, अशा विद्यार्थ्यालाही खरे संशोधन करता येते, ते विदा कुलूपबंद नाही म्हणून.

भिवंडीच्या वाचकांना हे समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. मागावर किती मीटर कापड विणले त्याचा हिशेब ज्या वहीत असतो, ती एकाच्याच हाती राहिली तर दुसऱ्याला केवळ विश्वास ठेवावा लागतो. वही दोघांसमोर उघडली तर हिशेब ताडून पाहता येतो. विज्ञानातही तसेच आहे. अर्थात सगळेच खुले करावयाचे नसते. रुग्णांचे आजार, त्यांची नावे, माणसांचे खाजगी तपशील यांवर आधी त्या माणसांचाच हक्क असतो.

आपल्या शाळेत काय करता येईल

हे शिक्षण मोठ्या यंत्रांवाचूनही देता येते. निवासी शाळेला एक लाभ आहे, तो म्हणजे विद्यार्थी रोज सकाळी तेथेच असतात. आवारात एक पर्जन्यमापक ठेवून जून ते सप्टेंबर दररोज ठरल्या वेळी पाऊस मोजावा. खर्च अल्प आहे. नियम मात्र वेधशाळेचेच पाळावेत.

पहिला नियम : वाचन घेताक्षणी शाईने लिहावे. त्यासोबत तारीख, वेळ, एकक आणि मोजणाऱ्याचे नाव असावे. कोणत्या उपकरणाने, कोठे ठेवून मोजले, हे वहीच्या पहिल्या पानावर असावे. या माहितीवाचून आकडा मुका असतो.

दुसरा नियम : चूक झाल्यास एकच आडवी रेघ मारावी. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. दुरुस्ती का केली तेही लिहावे.

तिसरा नियम : ज्या दिवशी मोजणे राहिले त्या दिवशी शून्य लिहू नये, ‘मोजले नाही’ असे लिहावे. शून्याचा अर्थ पाऊस पडला नाही. या दोहोंत गल्लत झाली, तर पुढे सरासरी काढणारा फसतो आणि आपण फसलो हे त्याला कधीही कळत नाही.

चौथा नियम : दर महिन्याला वहीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि एक प्रत फलकावर लावावी. गावातील शेतकऱ्यालाही ती पाहता यावी. कोणी त्यात चूक दाखविली तर त्याचे आभार मानावेत.

पाचवा नियम अलिबागचा आहे. बांधकामामुळे पर्जन्यमापक हलवावा लागला, तर निदान एक पावसाळा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जागी मोजावे.

अशी वही दहा वर्षे चालली तर ती शाळेचे धन होईल. आज पाचवीत असलेली मुलगी उद्या कदाचित जलसंधारणाचा अभ्यास करील आणि आपल्याच शाळेच्या वहीपाशी परत येईल. तेव्हा तिला आजच्या मुलांच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागेल.

शेवटी लंबकाकडे येऊ. उत्तर ९.२ आले, तर तेच लिहावे आणि त्याचे कारण शोधावे. समजा, दोऱ्याची लांबी ५० सेंटिमीटर धरली, परंतु त्याखालचा हूक आणि गोळ्याचा मध्यापर्यंतचा भाग मिळून होणारे ३ सेंटिमीटर धरावयाचे राहून गेले. ५० ऐवजी ५३ घालून पुन्हा हिशेब करावा. उत्तर ९.८ च्या जवळ येते. लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंत नव्हे, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयाची असते, हा धडा त्या ‘चुकलेल्या’ आकड्यातच होता. आकडा खोडणाऱ्याला तो कधीच मिळाला नसता.