अपंगत्वाचे प्रवर्ग आणि आपली मुले

चुल्लपंथकाची कथा आपण वर्षावासात ऐकतो. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानेच, महापंथकाने, त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी त्याला परत आणले. गाथा बाजूला ठेवून त्याच्या हाती स्वच्छ पांढरे फडके दिले आणि ‘रजोहरणं’ एवढेच म्हणत ते चोळीत बसण्यास सांगितले. फडके मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली. विशेष शिक्षणात ज्याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात, तो याहून फारसा निराळा नाही.

आपल्या पिंपरी-भोसरी-चाकणच्या वस्त्यांत मात्र अजून महापंथकच जास्त भेटतात. ‘पोरगं मंद आहे’ असे कोणी म्हटले की पालक मान खाली घालून घरी येतात. वास्तविक ‘मंद’ असा प्रवर्ग कायद्यात नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रवर्ग होते. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. सगळेच येथे देत नाही. शाळेत ज्यांची गल्लत होते तेवढेच पाहू.

पहिली गल्लत कानाची. हाक मारली तर ओ देत नाही, शुद्धलेखन चुकते, म्हणून मूल मठ्ठ ठरते. दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असल्यास ते कायद्याने कर्णबधिर, ६० ते ७० असल्यास ऐकू कमी येणारे. त्याहून कमी हानी असली तरी मागच्या बाकावर बसून धडा समजत नाही. प्रेस शॉपमधील कामगारांना कानाची तपासणी माहीत असते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाना कायद्यातही नोंदलेला होता. स्वतःचे कान तपासून घेणाऱ्या बापाने मुलाचेही तपासून घ्यावेत. डोळ्यांचेही तसेच.

दुसरी गल्लत बुद्धीची. बौद्धिक अक्षमता (पूर्वीचा शब्द मतिमंदत्व) म्हणजे बुद्धी आणि रोजचे व्यवहार, दोन्ही वयाच्या मानाने बरेच मागे असणे. अध्ययन अक्षमता वेगळी. तीत बुद्धी चांगली असते, तोंडी उत्तरे चटचट येतात, पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी काहीतरी अडते. महाराष्ट्राने अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत १९९६ पासूनच सवलती दिल्या. केंद्राच्या कायद्यात हा प्रवर्ग यायला आणखी वीस वर्षे गेली. ज्यांना आपण गतिमंद म्हणतो, ती मुले मात्र कोणत्याच प्रवर्गात बसत नाहीत. त्यांना दाखला मिळत नाही, आणि मदत तर लागतेच. माझ्या मते सर्वांत जास्त हाल याच मुलांचे होतात. आपल्या अभ्यासिकांनी हात द्यावा तो यांना. बिहार-ओडिशातून आलेल्या कामगारांच्या मुलांना मराठी कळत नाही, हे तर अपंगत्वच नव्हे.

तिसरा प्रवर्ग आपल्या समाजाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे : सिकलसेल. नागपूरकडील महार समाजात हा रक्तदोष आढळल्याची नोंद १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली. विदर्भातून या पट्ट्यात कामाला आलेली आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. मूल वारंवार अंग दुखते म्हणून शाळा बुडवते आणि आळशी ठरते. रक्त तपासल्यावर वाहक आहे की रुग्ण आहे, ते कळते. वाहक असणे अपंगत्व नाही. आजार मात्र २१ प्रवर्गांपैकी एक आहे.

दाखला काढला तर मुलीचे लग्न जमणार नाही, मुलाला लोक नावे ठेवतील, ही भीती पालक बोलून दाखवतात. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले; दाखल्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण मिळते, आणि शेजारची शाळा की विशेष शाळा, हे निवडता येते. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुले वंचित घटकात आली, म्हणजे खासगी शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेशालाही ती पात्र आहेत.

जून २०२१ पासून दाखल्यासाठी अर्ज ऑनलाइनच करावा लागतो. तपासणीला मुलाला प्रत्यक्ष न्यावे लागते. जाताना आधार कार्ड, फोटो, जुने केसपेपर घ्यावेत, आणि मुलाची एखादी वहीसुद्धा. मूल कोठे अडते ते वहीत दिसते.