पायी जाण्याइतके अंतर
भिलाईतील कुटुंबांसाठी आरोग्यविषयक पत्रक

आपल्या घरापासून मुलांची शाळा, भाजीबाजार, औषधांचे दुकान आणि दळणाची चक्की किती अंतरावर आहेत, हे एकदा मोजून पाहावे. भिलाईच्या टाउनशिपमध्ये राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना असे आढळेल की यांतील निम्मी ठिकाणे तरी एका किलोमीटरच्या आत आहेत. निरोगी प्रौढ व्यक्तीला एवढे अंतर चालण्यास बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. तरीही कोथिंबिरीची एक जुडी आणण्यासाठी स्कूटर बाहेर काढली जाते. प्रस्तुत पत्रक या एका किलोमीटरविषयी आहे.

हे अंतर इतके जवळचे असणे हा योगायोग नाही. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर कामगारांसाठी जी वसाहत आखली गेली ती सेक्टरांत विभागलेली होती. शाळा, बाजार आणि मैदान रहिवाशांच्या जवळ असावे, अशीच तिची मांडणी होती. त्या काळी स्वतःची मोटार असणारी कुटुंबे थोडी. माणसे पायी किंवा सायकलीने जात. विदर्भातून नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांतील ज्येष्ठांना विचारावे. पाळी सुटताना रस्ता भरून वाहणाऱ्या सायकली त्यांना आठवतील. सेक्टरांची मांडणी आजही तीच आहे. बदलली आहे ती आपली सवय.

शरीराला किती हालचाल हवी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, तर ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे. मध्यम श्रम ओळखण्यास यंत्र लागत नाही. चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरेसा आहे. दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो; तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. साठीच्या पुढील व्यक्तींना सहा ते आठ हजार पावलांतही मोठा लाभ मिळतो, असे पुढील संशोधनात दिसून आले आहे. म्हणून आकडा गाठता आला नाही, या कारणास्तव चालणे सोडू नये.

आपल्या देशातील स्थिती चिंताजनक आहे. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. दिवसभर स्वयंपाकघरात उभ्या असणाऱ्या गृहिणीला हे वाचून आश्चर्य वाटेल, कदाचित रागही येईल. घरकाम थकवते, यात शंका नाही. परंतु त्यातील बरेच काम हृदयाची गती वाढवणारे नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात व त्यासाठी त्यांना इन्सुलिनची गरज तुलनेने कमी भासते. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास साखरेची चढण सौम्य होते. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. नियमित चालण्याने रक्तदाब उतरण्यास मदत होते आणि झोप सुधारते.

कामासाठीचे चालणे

पहाटे उद्यानापर्यंत स्कूटरने जाऊन तेथे फेऱ्या मारणारे नागरिक आपल्या परिचयाचे असतील. त्या फेऱ्या उपयुक्तच आहेत. मात्र पाऊस आला, पाहुणे आले, पाळी बदलली की सर्वप्रथम तीच फेरी रद्द होते. शाळा, बाजार, बँक ही कामे रद्द होत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठीचे चालणे अधिक टिकते. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी होता. टपाल खात्यातही पायी वा सायकलीने पत्रे वाटणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्यांपेक्षा सुरक्षित आढळले. यांपैकी कोणीही व्यायाम म्हणून चालत नव्हते. ते आपले काम करीत होते.

या चालण्याचा लाभ शेजाऱ्यालाही मिळतो. थंड इंजिन सुरू होताना इंधन अधिक जाळते आणि धूरही अधिक सोडते, त्यामुळे वाहनाच्या अगदी छोट्या फेऱ्या अंतराच्या मानाने सर्वाधिक दूषित ठरतात. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभ्या असणाऱ्या मुलांच्या श्वासात तोच धूर जातो.

रस्ता सुरक्षित नसेल तर

नागरिकांनी चालावे, एवढे सांगून शासनाची किंवा महानगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. कॅम्प, सुपेला, खुर्सीपार येथील पुष्कळ कुटुंबे आजही पायीच जातात. त्यांना चालण्याचा उपदेश नको, पदपथ हवा. राष्ट्रीय महामार्ग ५३ शहराच्या मधून जातो आणि तो ओलांडणे हा अनेकांच्या दिनक्रमाचा भाग आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले व त्यांतील जवळपास पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेला तर समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पटींनी वाढतो. हे वाक्य घरातील दुचाकी चालवणाऱ्या मुलालाही वाचून दाखवावे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे म्हटले. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन पाळला गेला. गजबजलेल्या बाजारपेठेतही हे शक्य असते. आपल्या प्रभागात पदपथ नसेल, अडवला गेला असेल किंवा दिवे बंद असतील, तर जागेचे छायाचित्र जोडून लेखी तक्रार द्यावी. संध्याकाळी अंधारामुळे स्त्रिया पायी जाणे टाळत असतील, तर तेही त्यात लिहावे.

ऊन आणि आजार

मे महिन्यात भिलाईचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. त्या दिवसांत चालणे सकाळी नऊच्या आत किंवा सूर्यास्तानंतर ठेवावे. सुती कपडे, डोक्यावर गमछा आणि सोबत पाणी असावे. चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास त्वरित सावलीत थांबावे.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये. दररोज रात्री तळपाय पाहावेत, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. साखर कमी करणारी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर अथवा गूळ ठेवावा. गुडघेदुखी असल्यास अंतर दोन भागांत विभागावे. तीस वर्षांवरील व्यक्तींनी रक्तदाब व साखरेची तपासणी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात करून घ्यावी. चालताना छातीत दडपण आले, वेदना हातात किंवा जबड्यात पसरली अथवा अकारण दम लागला, तर तेथेच बसावे, घरी पोहोचण्याची घाई करू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.